जळगावात भरीत पार्टी ठरवताना

जळगावात हिवाळ्यात वाढदिवस असो, जावई पहिल्यांदा घरी येवो की पुण्या-मुंबईची मंडळी उतरो, बेत ठरलेला असतो: भरीत पार्टी, तीही शेतात. बाहेरगावचा माणूस विचारतो, 'कुठल्या हॉटेलात जायचं?' त्याला हॉटेल सांगण्याआधी तारीख विचारावी. इथे काय खायचं ते महिन्यावर आणि तिथीवर ठरतं.

भरिताची वांगी नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत चांगली मिळतात. पण बऱ्याच घरांत चातुर्मासात वांगं खात नाहीत, आणि ज्यांच्याकडे खंडोबा आहे ते चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच वांग्याला हात लावतात. म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीच्या आधी पार्टी ठरवलीत तर निम्मी पंगत नुसती कढी-भाकरी खाऊन उठायची. बोलावण्याच्या फोनवरच विचारून घ्या. कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावातून श्रीरामाचा रथ निघतो, 1872 पासूनची परंपरा आहे. तो दिवस उपासाचा. त्या दिवशी पाहुण्यांना रथ दाखवा, चाकांखाली लाकडी मोगरी लावून एवढा अवजड रथ कसा वळवतात आणि थांबवतात ते जवळून बघू द्या, आणि घरी साबुदाणा, भगर, केळी एवढंच ठेवा. गाडी रथमार्गापासून लांब लावा आणि पुढचं पायी जा. भरीत दुसऱ्या आठवड्यावर ढकला.

जागा शेताचीच हवी. मेहरूण तलाव संध्याकाळी फिरायला छान, पण चूल पेटवायला नव्हे. आसोदा, भादली, ममुराबाद, कानळदा, सगळी गावं शहराच्या जवळ आहेत. कुणाच्या ना कुणाच्या ओळखीचं शेत निघतंच. शेतमालकाला तीन गोष्टी विचारा: विहिरीवर मोटार चालू आहे का, त्या वेळी वीज असते का, आणि सावली आहे का. आगटी, म्हणजे वांगी भाजायचा जाळ, कडब्याच्या गंजीपासून आणि उभ्या कपाशीपासून लांब, वारा ज्या दिशेला जातो तिकडे मोकळं रान असेल अशी लावा. पाण्याच्या दोन बादल्या भरून शेजारी ठेवल्याशिवाय काडी ओढू नका.

वांगी आणि काड्या

वीस माणसांना सात किलो वांगी लागतात. साल, देठ आणि पाणी गेल्यावर साडेचार किलोच्या आसपास गर उरतो, आणि शेतातल्या हवेत माणूस घरच्यापेक्षा जास्त जेवतो. वांगी फिकट हिरवी, पांढऱ्या रेघांची, लांबट आणि मोठी घ्या. बाजारात 'भरिताची' म्हटलं की हीच पुढे येतात. आसोद्याची आणि यावल तालुक्यातली बामणोद-भालोद भागातली नावाजलेली. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. काळी-जांभळी घेऊ नका. भरीत होतं, पण हा रंग आणि हा गोडवा येत नाही.

वांगं हातात घेऊन तोला. आकाराच्या मानाने हलकं लागलं तर आत बी कमी. जड लागलं तर ते जून आहे, भरीत बियाळ आणि कडसर होणार. अंगठ्याने दाबलेलं लगेच वर आलं पाहिजे. सुईएवढं भोक दिसलं तर आत अळी आहे, ते बाजूला ठेवा.

भाजायला कपाशीच्या वाळक्या काड्या, म्हणजे पऱ्हाटी. ती भसाभस पेटते, आच मोठी देते आणि लवकर विझते, वांग्याला नेमकं तेवढंच हवं असतं. नोव्हेंबरात नवी पऱ्हाटी शेतात उभी असते आणि तिच्यावर कापूस असतो, म्हणून मागच्या वर्षीच्या मोळ्या कुणाकडे आहेत ते आधी बघून ठेवा. तुरीच्या काड्याही चालतात. ओलसर काड्या मात्र घात करतात: धूर होतो, साल काळी पडते आणि आतलं वांगं कच्चंच राहतं. ते वरून बघून कळतही नाही.

प्रत्येक वांग्याला सुरीने चार-पाच ठिकाणी टोचा, नाहीतर आत कोंडलेल्या वाफेने ते फुटतं आणि गर राखेत जातो. देठ काढू नका, सोलताना तोच धरायचा आहे. खाली काड्यांचा थर, त्यावर वांगी एकमेकांना न चिकटवता, वर पुन्हा काड्या. पेटवल्यावर लांब काठीने दोन-तीनदा फिरवा. पंधरा-वीस मिनिटांत साल तडकते. खूण देठाजवळ बघायची: तिथे दाबून मऊ लागलं तरच वांगं झालं. पोट मऊ आणि मान कडक असेल तर पुन्हा निखाऱ्यावर ठेवा. कच्च्या मानेचे दोन तुकडे अख्ख्या पातेल्याला तुरट करतात.

भाजलेली वांगी पातेल्यात घालून दहा मिनिटं झाका, म्हणजे साल सुटते. गरम असतानाच सोला. हात भाजतो म्हणून शेजारी पाण्याची वाटी ठेवा आणि बोटं बुडवत राहा. सोललेलं वांगं मात्र धुऊ नका. धुतलं की धुराचा वास गेला, आणि पऱ्हाटी आणली होती ती त्या वासासाठीच. गराला काळे कण राहिले तर राहू द्या.

ठेचणं आणि फोडणी

गर बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, मुसळाने ठेचतात. मिक्सरमध्ये घातलात तर त्याची चिकट खळ होते आणि दाताला काही लागत नाही. बडगी नसेल तर मोठ्या परातीत लाकडी रवीने ठेचा. पाव किलो हिरव्या मिरच्या थोड्या तेलावर डाग पडेपर्यंत भाजा आणि दीडशे ग्रॅम लसणातला निम्मा, मीठ घालून जाडसर कुटा. पाहुणे बाहेरचे असतील तर मिरची दीडशे ग्रॅमवर आणा आणि उरलेला ठेचा वेगळा ठेवा.

मोठ्या कढईत पाऊण लिटर तेल. आकडा ऐकून नवखा माणूस दचकतो, पण तेल कमी पडलं की भरीत कोरडं होतं आणि घशाला लागतं. तेलात आधी तीनशे ग्रॅम शेंगदाणे लालसर तळून बाजूला काढा, नाहीतर पुढे ते मऊ पडतात. मग जिरं-मोहरी, उरलेला लसूण ठेचून, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, कांद्याच्या पातीचा पांढरा भाग. लसूण पिवळा झाला की मिरचीचा ठेचा, आणि लगेच वांगं. हळद नाही, लाल तिखट नाही. भरीत हिरवट-पांढरंच दिसलं पाहिजे. पाच-सात मिनिटं परतून तेल कडेने सुटलं की हिरवी पात, कोथिंबीर आणि शेंगदाणे घालून खाली उतरवा. पात तीन जुड्या, कोथिंबीर दोन.

सोबत कळण्याची भाकरी. चार भाग ज्वारी, एक भाग सालासकट काळे उडीद आणि खडे मीठ एकत्र दळून आणायचं. वीस जणांना चार किलो पीठ, त्यात चाळीसेक भाकरी होतात. उडीद वाढवले तर भाकरी चिवट होते. पीठ आदल्या दिवशीच दळा, ते फार दिवस टिकत नाही. भाकरी थापायला दोन बायका सांगून ठेवा आणि त्यांची मजुरी आधीच ठरवा. लेवा पाटलांच्या घरी भाकरीच्या जोडीला पुऱ्याही असतात. ताटात मुळा, गाजर, पातीचा कांदा, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, आणि गोडाला बाजारातली जिलेबी.

शेत जमत नसेल तर थंडीत शहरात तयार भरीत किलोवर मिळतं. माणशी दोनशे ग्रॅम धरा, स्टीलचा डबा घेऊन जा, आणि घरी गरम करताना पाणी न घालता कढईत परता.

बाकीचे महिने

पावसाळ्यात शेवभाजी. ढाब्यावर 'शेव वेगळी द्या' असं सांगा. रस्सा उकळता आला की जाड तिखट शेव ताटातच घालायची. स्वयंपाकघरातून शेव घालून आली तर टेबलावर पोचेपर्यंत तिचा लगदा झालेला असतो. शेवेचा कंटाळा आला असेल तर पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा मागवा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाबरोबर खापरावरचे पुरणाचे मांडे. ते घरी करायच्या भानगडीत पहिल्यांदाच पडू नका. पुरण भरलेली कणीक हातांवर झुलवत वाढवायची आणि पालथ्या खापरावर टाकायची, हे बघून येत नाही, वर्षानुवर्षं करून येतं. मांडे करून देणाऱ्या बायकांना निदान दोन दिवस आधी सांगा, माणशी दोन धरा. आणायला गेलात की गरम मांडे लगेच एकावर एक रचू देऊ नका, वाफ कोंडून पुरण ओलं होतं. आधी सुटे पसरून निवू द्या, मग घडी करून टोपल्यात कापडावर ठेवा. पहिल्या तासात मऊ असतात, संध्याकाळी कडक होतात. कडक झालेले गरम दुधात कुस्करून वर तूप घाला. काही घरांत मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबतात, ते याच्याचसाठी.