शाळकरी प्रेमाच्या कादंबरीत घर कसं गुंफायचं

शाळकरी प्रेमाच्या कादंबऱ्या बहुधा मध्यावर दमतात. पहिल्या शंभर पानांत ओळख, चोरटी नजर, कबुली सगळं उरकतं आणि मग दोघांना अडवायला काही शिल्लक राहत नाही. अशा वेळी लेखक गैरसमज आणतो: तिने त्याला दुसऱ्या मुलीशी हसून बोलताना पाहिलं. सोळा वर्षांच्या वाचकाला लगेच कळतं की एका मेसेजने हे मिटलं असतं. तो पुस्तक मिटतो, आणि त्याचं काही चुकत नाही. अडथळा घरातून यायला हवा आणि पहिल्या प्रकरणापासून तो दिसायला हवा.

म्हणून प्रेमकथा आधी सुचली असली तरी लिहायला बसण्यापूर्वी दोन्ही घरं मांडून घ्या. नायक आणि नायिका, दोघांसाठी तीन-तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. घरातली कोणती जबाबदारी याच्यावर आहे? ती सोडली तर कोणाचं काय अडेल? प्रेमात पडल्यावर त्यातलं नेमकं काय हातून निसटेल? समजा, नायिकेची आई रात्रपाळीला जाते आणि धाकट्या भावाला जेवू घालून झोपवणं नायिकेकडे आहे. नायकाचा सराव संध्याकाळी साडेसातला सुटतो. त्याला भेटायचं तर भाऊ घरी एकटा राहणार. इथे खलनायक कोणीच नाही, तरी प्रत्येक भेटीची किंमत कोणीतरी मोजतंय. ‘घरचे कडक आहेत’ एवढ्यावर भागवू नका. कडकपणामागे भीती कसली आहे, पैशाची, बदनामीची की थोरल्या मुलाच्या वेळी झालेल्या चुकीची, ते ठरवा.

यानंतर दोघांचं आठवड्याचं वेळापत्रक कागदावर मांडा. आठवड्यात 168 तास. रोज आठ तास झोप धरली तर 56 गेले, शाळा आणि जाण्यायेण्यात साधारण 40, उरलेल्यात अभ्यास, घरकाम, क्लास, सराव. दोघांचे मोकळे तास आठवड्यात चार-पाचच जुळतील अशी रचना करा. मग कुठे भेटायचं, कोणाला काय सांगून निघायचं, उशीर झाला तर काय, हे प्रसंग आपोआप सुचू लागतात.

लांबीचं गणित सोपं आहे. या प्रकारात 50,000 ते 80,000 शब्द चालतात. पहिल्या कादंबरीसाठी 60,000 पुरेत, म्हणजे 2,000 शब्दांची 30 प्रकरणं. पहिली भेट तिसऱ्या प्रकरणाच्या आत, कबुली तेराव्या-चौदाव्याच्या आसपास, मोठी फाटाफूट बाविसाव्या-तेविसाव्यात. या 30 पैकी किमान आठ-दहा प्रकरणांत प्रेम आणि घर एकाच प्रसंगात समोरासमोर आले पाहिजेत. एक प्रकरण घराचं, एक प्रेमाचं अशी पाळी लावली की दोन वेगळ्या गोष्टी एका पुठ्ठ्यात बांधल्यासारख्या वाटतात. ही चूक सर्रास होते.

निवेदन प्रथमपुरुषी ठेवलं तर वाचक लवकर जवळ येतो. दोघांनी आळीपाळीने सांगायचं असेल तर दोन गोष्टी पाळा. एकच प्रसंग दोनदा सांगू नका; दुसऱ्याचं प्रकरण पहिल्याच्या पुढून सुरू व्हावं. आणि नावं झाकून दोघांची एकेक पानं मोठ्याने वाचा. कोण बोलतंय ते ओळखू आलं नाही, तर आवाज अजून वेगळे झालेले नाहीत.

आईवडिलांवर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. प्रत्येक पालकाला निदान एक प्रसंग असा द्या, जिथे त्याचं म्हणणं खरंच बरोबर आहे आणि मुलालाही ते आतून पटतंय. मोठ्या भांडणाचं प्रकरण लिहिण्याआधी तेच भांडण पालकाच्या तोंडून एक पानभर लिहून पाहा. ते पान कादंबरीत जाणार नाही, पण भांडणातली वाक्यं बदलतील. घरातल्या खऱ्या भांडणात माणसं मूळ दुखण्यावर क्वचित बोलतात. न धुतलेल्या डब्यावरून सुरुवात होते. भावंडं तर फारच कामाची. त्यांना गुपित कळतं, ती निरोप पोचवतात, नको तिथे बोलून जातात.

शाळेतली बोली पटकन जुनी होते. चालू शब्द मोजके घ्या; अर्धवट सोडलेली वाक्यं, मध्येच विषय बदलणं यातून वय जास्त खरं उतरतं. मेसेज एका वेळी पाच-सहा ओळींपेक्षा लांबवू नका. टाइप करून पुसलेला मेसेज पाठवलेल्यापेक्षा बरंच काही सांगून जातो.

जवळीक वयाला शोभेल इतकीच: शेजारची जागा राखून ठेवणं, हात हातात घेण्याआधीचा थांबा, नकार ऐकल्यावर लगेच मागे सरणं. फोन तपासणं, पाळत ठेवणं, मैत्रिणींपासून तोडणं हे प्रेम म्हणून रंगवू नका. कथेत आलंच, तर एखाद्या पात्राने ते चूक आहे असं स्पष्ट म्हणायला हवं. वाचणारी मुलं यातूनही नातं कसं असावं हे शिकतात.

शेवटाला अपघात किंवा आजारपण आणून घरच्यांचं मन वळवू नका. गाठ मुलांच्याच निर्णयाने सुटली पाहिजे, आणि घराची गाठ प्रेमाच्या आधी सुटावी. माफी शब्दांत न मागता कृतीत दाखवा: वरच्या उदाहरणातला नायक सराव लवकर सोडून तिच्या भावासोबत बसतो. दोघं आयुष्यभर एकत्र राहतील असं वचन द्यायची गरज नाही. आज ती एकत्र आहेत एवढं पुरतं.

रोज 500 शब्द लिहिले तर पहिला खर्डा चार महिन्यांत होतो. तीन आठवडे त्याला हात लावू नका. मग दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन प्रेमाच्या ओळी एका रंगाने, घराच्या दुसऱ्या रंगाने समासात खुणावत वाचा. सलग दहा पानं एकाच रंगाची दिसली तर दुसरा धागा तिथे आणा. त्यानंतर त्या वयाच्या दोन-तीन वाचकांना प्रत द्या. आवडलं का, हे विचारू नका. वाचताना कुठे थांबलात त्या पानावर खूण करा, एवढंच सांगा.