हार्डवेअर टेस्टिंगमध्ये येताय? आधी चिपसेट कोणाचा ते बघा

बेंचमार्क (वेग मोजायची टेस्ट) कसा चालवायचा, तीनदा चालवून सरासरी कशी काढायची हे तुम्हाला येत असणार, त्यात वेळ घालवत नाही. मी ज्या खड्ड्यात पडलो तेवढाच दाखवतो. २०१० ची गोष्ट आहे, पण आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

पहिली नोकरी, छोटी लॅब, टेबलावर दोन नेटबुक, म्हणजे छोटे स्वस्त लॅपटॉप. दोन्हींत इंटेलचा अॅटम प्रोसेसर, दोन्हींवर एनव्हिडियाच्या आयन या ग्राफिक्सचं स्टिकर, एक जुनं एक नवं. नव्यात नवीन ग्राफिक्स चिप, म्हणजे आकडे चांगलेच वर जायला हवे होते, पण काही टेस्टमध्ये ते जुन्याच्याच आसपास घुटमळत होते. मी रिपोर्टमध्ये लिहून टाकलं, नवी ग्राफिक्स चिप कमकुवत आहे. रिपोर्ट परत आला आणि पुढचे दोन महिने मला एकट्याने काही लिहायला दिलं नाही.

आता नेमकं काय चुकलं ते सांगतो, लांबलं तरी पूर्ण वाचा. जुन्या आयनमधली ९४००एम ही नुसती ग्राफिक्स चिप नव्हती, तो अख्खा चिपसेट होता, म्हणजे प्रोसेसरला मेमरीशी आणि बाकी भागांशी जोडणारी चिप; मेमरी सांभाळणारा मेमरी कंट्रोलर त्याच्यातच आणि प्रोसेसर फ्रंट साइड बस या जुन्या वाटेने थेट त्याला जोडलेला. इंटेलच्या प्रोसेसरसाठी एनव्हिडिया चिपसेट बनवू शकत होती कारण २००४ मध्ये दोघांचा लायसन्स करार झाला होता. मग इंटेलने मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच घेतला आणि फेब्रुवारी २००९ मध्ये डेलावेअरच्या कोर्टात सांगितलं की अशा प्रोसेसरना तो करार लागूच होत नाही. एनव्हिडियाने मार्चमध्ये उलट दावा लावला, पण ऑक्टोबरपर्यंत डीएमआय बससाठीच्या, म्हणजे इंटेलच्या नव्या प्रोसेसरना जोडणाऱ्या वाटेसाठीच्या, चिपसेटचं काम थांबवलं. एन४५० या नव्या अॅटममध्येही मेमरी कंट्रोलर आतच होता, त्यामुळे तिथे आयनला चिपसेटची जागाच उरली नाही, नवी आयन चिप इंटेलच्या एनएम१० चिपसेटच्या मागे पीसीआय एक्सप्रेसच्या एका लेनवर (डेटाच्या एकाच पट्ट्यावर) जोडावी लागली. एका लेनवर एका दिशेला सेकंदाला २५० एमबी! मी दोष दिला चिपला, आणि वाट अरुंद झाली होती कराराच्या भांडणात. फरकाचं ते एकमेव कारण होतं असं नाही, पण मी ती वाट तपासलीच नव्हती, आणि ही चूक माफ होत नाही.

२०१० चंच १३ इंची मॅकबुक प्रो बघा. १५ इंचीला कोअर आय५ आणि आय७ मिळाले, १३ इंची मात्र कोअर २ ड्युओवरच राहिलं, सोबत एनव्हिडियाचा ३२०एम चिपसेट. एनव्हिडियाचा चिपसेट हवा तर जुनाच प्रोसेसर घ्यावा लागत होता.

जानेवारी २०११ मध्ये तडजोड झाली, इंटेलने दीड अब्ज डॉलर हप्त्यांनी द्यायचं कबूल केलं, पण त्या नव्या प्रोसेसरांसाठी चिपसेट बनवायचा हक्क एनव्हिडियाला मिळाला नाही.

घाबरू नका, हे सगळं कायदा शिकल्याशिवाय समजतं. जीपीयू-झेड या ग्राफिक्स चिपची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बस इंटरफेसची ओळ बघा, किती लेन दिसतात ते लिहून ठेवा, मग कोणता भाग कशाला जोडलाय त्याचा ब्लॉक डायग्राम स्वतःच्या हाताने काढा. एका आकड्यात रँकिंग देणाऱ्या याद्या अजिबात वापरू नका, माझं ठाम मत आहे की त्यांनी नवीन मुलांचं खूप नुकसान केलंय. आणि महागड्या सर्टिफिकेटपेक्षा तुमचा रिपोर्ट लाल पेनने खोडणारा सिनिअर शोधा, माझा होता, तेव्हा राग यायचा, पण लेन मोजायला त्यानेच शिकवलं.

सराव करायचा असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ओळखीच्या रिपेअरवाल्याकडे २००९-१० चं जुनं नेटबुक विचारा, बंद बॅटरीचंही चालेल, चार्जर लावून सुरू झालं म्हणजे झालं.