जुना प्रोग्रॅम नव्या विंडोजवर कसा चालवावा

ओळखीच्या एका छापखान्यातला जुना कॉम्प्युटर बंद पडला. नवा आला तो विंडोज ११ घेऊन. लग्नपत्रिकांचे वीस वर्षांचे काम पेजमेकर ७ मध्ये, म्हणजे पाने जुळवायच्या २००१ सालच्या प्रोग्रॅममध्ये अडकलेले. दुकानदाराने सांगितले, "आता ते विसरा." विसरायची गरज नव्हती. अशी वेळ तुमच्यावर आली, तर पुढच्या क्रमाने जा.

आधी जुनी हार्ड डिस्क सांभाळा. ती भंगारात देऊ नका, फॉरमॅट करू नका. बाहेरून जोडायच्या केसिंगमध्ये घालून तिच्यातला प्रोग्रॅमचा फोल्डर, सगळ्या फाइली आणि फॉन्ट दोन ठिकाणी उतरवून घ्या. मूळ सीडी, सिरियल नंबर आणि डोंगल (कॉम्प्युटरला लावल्याशिवाय प्रोग्रॅम चालत नाही अशी कंपनीने दिलेली किल्ली) असेल तर तोही शोधून ठेवा.

मग प्रोग्रॅम कोणत्या पिढीतला आहे ते ओळखा, कारण पुढचे सगळे त्यावरच ठरते. काळ्या पडद्यावर चालणारे डॉसचे किंवा विंडोज ३.१ च्या काळातले प्रोग्रॅम १६ बिटचे असतात. विंडोज ९५ नंतरचे बहुतेक ३२ बिटचे. १६ बिटचे प्रोग्रॅम चालवणारा भाग ६४ बिटच्या विंडोजमध्ये ठेवलेलाच नाही आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. त्यामुळे तिथे कितीही सेटिंग बदलली तरी उपयोग नाही. ३२ बिटवाल्यांना मात्र बरीच आशा असते.

३२ बिटचा प्रोग्रॅम 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये टाकू नका. सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डर करून त्यात इन्स्टॉल करा. जुने प्रोग्रॅम आपली माहिती स्वतःच्याच फोल्डरात लिहितात आणि विंडोज व्हिस्टापासून 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये असे लिहायला बंदी आहे. विंडोज ते लिखाण गुपचूप 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या दुसऱ्या फोल्डरात वळवते. यातून मोठा घोळ होतो: आज साध्या क्लिकने उघडून नोंदी केल्या, उद्या 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडले, तर कालच्या नोंदी दिसतच नाहीत. त्या गेलेल्या नसतात. यूजरच्या फोल्डरात अॅपडेटा, त्यात लोकल, त्यात व्हर्च्युअलस्टोअर, तिथे बघा.

इन्स्टॉल झाल्यावर प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा आणि कम्पॅटिबिलिटी टॅबमध्ये विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ निवडा. तरीही अडले, तर त्याच टॅबमधल्या 'रन धिस प्रोग्रॅम अॅज अॅन अॅडमिनिस्ट्रेटर'वर खूण करा. एका वेळी एकच बदल करून बघा, नाहीतर कशाने जमले ते कळत नाही.

डॉसच्या प्रोग्रॅमसाठी डॉसबॉक्स-एक्स, म्हणजे नव्या विंडोजमध्ये डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम, मोफत मिळते. मूळ डॉसबॉक्स खेळांसाठी बनलेले आहे. हिशेबाच्या कामाला, विशेषतः छपाईसाठी, एक्स आवृत्ती बरी.

डोंगल मात्र हट्टी असतो. त्याला ड्रायव्हर, म्हणजे त्याची विंडोजशी ओळख करून देणारा छोटा प्रोग्रॅम लागतो. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर कधीच चालत नाही, कम्पॅटिबिलिटी टॅबचाही इथे काही उपयोग नाही. कंपनीने नवा ड्रायव्हर काढला नसेल, तर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्रॅम घ्या. त्यात तुमच्या जुन्या परवान्याची एक्सपी टाका, १ जीबी रॅम पुरते. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन चालू असायला हवे. यूएसबी डोंगल थेट आतल्या एक्सपीला जोडून देता येतो. जुन्या प्रिंटर पोर्टचा डोंगल यूएसबी केबलने सहसा चालत नाही, त्यावर पैसे घालवू नका. एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, म्हणून तिचे इंटरनेट बंदच ठेवा. सगळे जमले की लगेच व्हर्च्युअलबॉक्समध्ये स्नॅपशॉट घ्या, म्हणजे पुढे बिघडले तरी याच स्थितीला परत येता येते.

मराठी कामात आणखी एक अडचण येते. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या आजच्या सामाईक पद्धतीच्या आधीच्या मराठी फॉन्टमधला मजकूर आत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांनीच साठवलेला असतो. फॉन्ट नसला की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी अगम्य खुणा दिसतात. फाइल बिघडली असे समजून ती पुन्हा टाइप करायला बसू नका, जुन्या डिस्कवरचे तेच फॉन्ट नव्या मशीनवर टाका.

शेवटी एक जुनी फाइल उघडून एक पान छापा आणि त्या काळच्या छापील कागदाशेजारी ठेवा. जोडाक्षरे, रफार, ओळींची तोड जुळली, तरच पुढचे काम हाती घ्या.