मोबाईलचे हललेले व्हिडिओ सरळ करायचेत? तीन क्लिप्स घेतल्या आणि सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघितल्या

चुलतभावाच्या लग्नाचा व्हिडिओ एडिट करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण आमच्या घरात "तुला येतं ना रे कम्प्युटरवर" म्हटलं की विषय संपतो. पाच-सहा जणांच्या मोबाईलमधून क्लिप्स आल्या आणि एकूण एक हललेल्या. मग आठवडाभर रात्री बसून स्टॅबिलायझेशन, म्हणजे हललेला व्हिडिओ स्थिर करणं, या प्रकाराच्या मागे लागलो, आणि एक गोष्ट कळली की "सगळ्यात भारी सॉफ्टवेअर कुठलं" हा प्रश्नच चुकीचा आहे. व्हिडिओ कसा हललाय ते आधी बघायचं, सॉफ्टवेअर त्यावरून ठरतं.

म्हणून मी तीन क्लिप्स ठरवल्या आणि त्याच सगळीकडे टाकल्या. पहिली, मंगलाष्टकं चालू असताना काकांनी हॉलच्या मागच्या रांगेतून फुल झूम करून काढलेली, एका जागी उभं राहून, फक्त हात थरथरतोय. दुसरी वरातीची, रात्री साडेनऊला, ढोलताशा पथकासमोर उलटं चालत काढलेली (काढणारा स्वतःही नाचत होता, असा माझा संशय आहे). तिसरी लग्नातली नाही, माझीच आहे, हरिश्चंद्रगडावर पाचनईच्या वाटेने चढताना काढलेली, प्रत्येक पावलाला धप्प धप्प उसळणारी.

सॉफ्टवेअर आत करतं काय ते आधी थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचे सेटिंग नुसते पाठ करावे लागतील. ते प्रत्येक फ्रेममध्ये काही ठिपके पकडतं, खांबाची कड, खिडकीचा कोपरा असलं काहीतरी, आणि पुढच्या फ्रेममध्ये ते ठिपके किती सरकले ते मोजतं. त्यावरून कॅमेरा कसा हलला याचा रस्ता काढतं, तो रस्ता गुळगुळीत करतं आणि मग प्रत्येक फ्रेम उलट्या बाजूला सरकवतं. फ्रेम सरकली की कडेला काळी पट्टी दिसणार, ती लपवायला झूम करावं लागतं, म्हणजे स्थिरपणा मिळतो तो चित्राच्या कडा विकून मिळतो. व्हिडिओ ४के असेल, ३८४० बाय २१६० पिक्सेल, तर दहा टक्के कडा गेल्या तरी ३४५६ बाय १९४४ उरतं, १०८०पीला (१९२० बाय १०८०) आरामात पुरतं. मुळात १०८०पीच असेल तर तेवढ्याच कापणीत १७२८ बाय ९७२ उरतं आणि तेच ताणून परत मोठं केलं जातं, मग चेहरे मऊ दिसायला लागतात. त्यामुळे नंतर स्टॅबिलाइझ करायचंय हे माहीत असेल तर ४केमध्येच शूट करा, मोबाईलमधली जागा गेली तर गेली.

आता सगळ्यात आळशी पर्याय. अँड्रॉइडवर गुगल फोटोजमध्ये व्हिडिओ उघडायचा, एडिटमध्ये जायचं, स्टॅबिलाइझचं बटण दाबायचं, थांबायचं, कॉपी सेव्ह करायची, झालं. एकही स्लायडर नाही. काकांची मंगलाष्टकांची क्लिप यात बऱ्यापैकी सुधारली, ट्रेकची थोडी सुधारली, वरातीची जशी होती तशीच. दहा सेकंदाची क्लिप फॅमिली ग्रुपवर टाकायची असेल तर याच्या पुढे जायची गरज नाही, खरंच. कॅपकटमध्ये पण हे फीचर आहे पण ते २०२० च्या बंदीपासून भारतात नाही, दुबई-अमेरिकेत बसून वाचत असाल तर बघा. आणि मॅक असेल तर आयमूव्हीमध्ये "स्टॅबिलाइझ शेकी व्हिडिओ" अशी टिक आहे, बाजूला एक स्लायडर आहे, तो कमीच ठेवा, आणि तिथेच रोलिंग शटर सुधारायची पण टिक आहे, चालत्या गाडीतून काढलेल्या व्हिडिओत विजेचे खांब तिरके दिसतात त्याच्यासाठी ती.

मी शेवटी ज्याच्यावर थांबलो ते दाविंची रिझॉल्व. फुकट व्हर्जनमध्येच स्टॅबिलायझर पूर्ण आहे, वॉटरमार्क नाही, आणि ४केपर्यंत एक्सपोर्ट होतं. फक्त मशीन तगडं लागतं, १६ जीबी रॅम आणि बरं ग्राफिक कार्ड असेल तर मजा, माझ्या जुन्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर ते उघडायचं पण काम करताना पंखा असा ओरडायचा की घरचे विचारायचे मिक्सर चालू आहे का. लिनक्सवाल्यांनी लक्षात ठेवा, फुकट व्हर्जन तिथे एच २६४ प्रकारात साठवलेली फाईल घेत नाही, म्हणजे मोबाईलचे व्हिडिओ आधी बदलून घ्यावे लागतात.

करायचं असं. क्लिप टाइमलाइनवर टाका, आधी कापून हवा तेवढाच भाग ठेवा, मग ती सिलेक्ट करून उजवीकडे इन्स्पेक्टरमध्ये स्टॅबिलायझेशन उघडा. वर तीन मोड दिसतील, पर्स्पेक्टिव्ह, सिमिलॅरिटी आणि ट्रान्सलेशन. ट्रान्सलेशन फ्रेम फक्त वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवतं, सिमिलॅरिटी त्याच्यासोबत फिरवणं आणि झूम पण सांभाळतं, आणि पर्स्पेक्टिव्ह चित्राचे कोन पण वाकवतं. बहुतेक लोक जे आधीच सिलेक्ट असेल तेच दाबतात आणि मग म्हणतात भिंती लवलवतायत. माझं पण तेच झालं. मंगलाष्टकांच्या क्लिपमध्ये अंतरपाट अर्ध्याहून जास्त फ्रेम भरून होता, आणि तो धरणारे दोघं हलतायत, वर पंखा चालू, म्हणजे कापड सारखं लाटांसारखं हलतंय. सॉफ्टवेअरने ठिपके पकडले ते त्या कापडावरच, त्याला वाटलं कॅमेराच वाकडा होतोय, आणि मागची फुलांची सजावट श्वास घेतल्यासारखी आत-बाहेर व्हायला लागली. मोड बदलून ट्रान्सलेशन केला, परत स्टॅबिलाइझ दाबलं, सजावट गपचूप जागेवर बसली.

खाली क्रॉपिंग रेशो, स्मूथ (कॅमेऱ्याचा रस्ता किती गुळगुळीत करायचा) आणि स्ट्रेंग्थ (त्याचा परिणाम किती लावायचा). क्रॉपिंग रेशो जितका कमी कराल तितकं ते जास्त कापायला तयार होतं आणि जास्त स्थिर करतं, पूर्ण १ ठेवला तर काहीच होत नाही (यात मी एक संध्याकाळ घालवली, वाटलं सॉफ्टवेअरच बिघडलंय). क्रॉपिंग रेशो किंवा स्मूथ बदलल्यावर परत स्टॅबिलाइझ दाबावं लागतं हे विसरू नका. स्ट्रेंग्थ मात्र नंतर पण कमी-जास्त करता येतं आणि मी ते पूर्ण कधीच ठेवत नाही, थोडं कमी केलं की हातात धरलेला कॅमेरा आहे असं वाटत राहतं, नाहीतर व्हिडिओ निर्जीव दिसतो.

आणि कॅमेरा लॉक. एका जागी उभं राहून काढलेल्या व्हिडिओला ही टिक म्हणजे जादू आहे, ट्रायपॉडवर ठेवल्यासारखा दिसतो. पण काका मध्येच नवऱ्याकडून नवरीकडे वळले होते, आणि लॉक म्हणजे लॉक, ते तो वळण्याचा भाग पण एका जागी धरायला गेलं आणि झूम इतका झाला की नवरीच्या मुंडावळ्याच दिसायला लागल्या. उपाय सोपा आहे, जिथे वळायला सुरुवात होते तिथे आणि जिथे संपतं तिथे ब्लेडने कापा, पुढच्या-मागच्या तुकड्यांना वेगवेगळा लॉक द्या आणि मधला तुकडा तसाच सोडा. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हे चालतं.

प्रीमियर प्रोमध्ये वार्प स्टॅबिलायझर नावाचा इफेक्ट आहे, क्लिपवर ओढून टाकला की तो आपोआप मोजायला लागतो. प्रीमियर आधीच वापरत असाल तर उत्तमच, पण नुसतं एवढ्यासाठी दर महिन्याला पैसे भरू नका. टाकल्या टाकल्या दोन गोष्टी बदलायच्या. स्मूथनेस ५० टक्के असतो, तो ५ ते १५ च्या आसपास आणा. ट्रेकची क्लिप ५० वर अशी दिसत होती की मी गड चढत नाहीये, पोहत चाललोय. आणि मेथड सबस्पेस वार्प असते, म्हणजे चित्राचे वेगवेगळे भाग ते वेगवेगळे वाकवतं, तर पाचनईच्या वाटेवर जवळ कारवीची झुडपं आणि लांब कडा, दोन्ही वेगळ्या वेगाने सरकतात, त्यात मधला कातळ जेलीसारखा डुलायला लागला. पोझिशन, स्केल, रोटेशन केलं आणि बंद झालं. इथे कॅमेरा लॉकसारखं पाहिजे असेल तर रिझल्टमध्ये नो मोशन निवडा.

प्रीमियरवाल्यांची नेहमीची अडचण म्हणजे ४के क्लिप १०८०पीच्या सीक्वेन्समध्ये (प्रीमियरमधली टाइमलाइन) टाकली की तो इफेक्ट चालत नाही, क्लिपचा आणि सीक्वेन्सचा आकार सारखा लागतो. मग क्लिपवरूनच नवीन ४के सीक्वेन्स बनवा, त्यात स्टॅबिलाइझ करा आणि तो अख्खा सीक्वेन्स १०८०पीवाल्यात आणून लहान करा. स्लो मोशन पण करायचं असेल तर तसंच, स्पीड आणि वार्प एकाच क्लिपवर चालत नाहीत, आधी नेस्ट करा, म्हणजे क्लिप एका वेगळ्या सीक्वेन्सच्या आत ठेवा.

लॅपटॉप जुना असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह. दोन्ही फुकट, विंडोज-मॅक-लिनक्स सगळीकडे चालतात, आणि दोघांच्या आत स्टॅबिलायझेशनचं इंजिन एकच आहे, विडस्टॅब, त्यामुळे रिझल्टमध्ये फार फरक शोधत बसू नका. शॉटकटमध्ये स्टॅबिलाइझचा फिल्टर लावा, शेकीनेस आणि अ‍ॅक्युरसी वाढवा, अ‍ॅनालाइझ दाबा, ते एक छोटी फाईल कुठे ठेवायची विचारेल ती व्हिडिओच्या फोल्डरमध्येच ठेवा आणि चहा टाका. केडेनलाइव्हमध्ये प्रोजेक्ट बिनमधल्या (आणलेल्या क्लिप्सची यादी) क्लिपवर राइट क्लिक केलं की क्लिप जॉबमध्ये स्टॅबिलाइझ सापडतं. माझी ट्रेकची क्लिप शॉटकटमध्ये इतकी चांगली निघाली की रिझॉल्वच्या बाजूला लावली तर घरी कोणाला फरक सांगता आला नाही.

एक भानगड यात नक्की येते. मोबाईल फ्रेम रेट एकसारखा ठेवत नाही, उजेड कमी-जास्त झाला की फ्रेम कमी-जास्त काढतो, मग एडिट करताना बारीक झटके येतात किंवा आवाज मागे-पुढे होतो. असं दिसलं तर व्हिडिओ आधी हँडब्रेक नावाच्या कन्व्हर्टरमधून काढा, व्हिडिओ टॅबमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट करून, आणि मग स्टॅबिलाइझ करा.

जायरोफ्लो वेगळ्याच जातीचं आहे आणि मला फार आवडलं. हे स्थिर करायला चित्रातल्या ठिपक्यांवर अवलंबून नसतं, कॅमेऱ्याच्या जायरो सेन्सरने शूटिंगच्या वेळी नोंदवलेली हालचाल वाचतं, त्यामुळे समोर अंतरपाट हलू दे नाहीतर ध्वज, फसत नाही. फुकट आहे. गोप्रोसारख्या कॅमेऱ्यात ही माहिती फाईलमध्येच असते. मोबाईलवर मात्र सेन्सरची नोंद ठेवणारं वेगळं अ‍ॅप लागतं, फोनचं स्वतःचं स्टॅबिलायझेशन बंद करावं लागतं, आणि ज्या फोनमध्ये लेन्सच हलते तिथे हिशेब चुकतो कारण सेन्सरला लेन्स किती हलली ते माहीत नसतं. आणि लग्नाच्या ज्या क्लिप्स आधीच काढून झाल्यात त्यांना याचा शून्य उपयोग.

आता राहिली वरातीची क्लिप. सगळीकडे टाकली, सगळीकडे हरली. एक तर ध्वज नाचवणारा पोरगा फ्रेमभर, ध्वज डावीकडे गेला की मागचे दिवे उजवीकडे पळायचे. ते मोड बदलून थोडं आवरलं. पण खरा रोग वेगळा. रात्री उजेड कमी म्हणून मोबाईलने शटर जास्त वेळ उघडं ठेवलं, त्यामुळे हललेल्या प्रत्येक फ्रेममध्ये दिव्यांच्या रेघा ओढल्या गेल्या. सॉफ्टवेअर फ्रेम सरळ करतं, पण रेघा तशाच राहतात, मग चित्र स्थिर आणि मध्येच अचानक पुसट, परत स्पष्ट, परत पुसट, हे मूळ हलण्यापेक्षा जास्त त्रास देतं. असल्या क्लिपला अगदी थोडी स्ट्रेंग्थ द्या आणि सोडून द्या, ढोलावर कट मारत दोन-दोन सेकंदाचे तुकडे वापरा, कोणाला हललेलं कळत नाही. पुढच्या वेळी फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/१०० सेकंद करा, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे त्यावर मांडवातल्या लाइटी लुकलुकत नाहीत आणि रेघा पण कमी येतात. थोडं काळपट येईल, चालतं.

सगळं करून व्हिडिओ ग्रुपवर टाकला (डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप दाबून परत मऊ करतं) आणि दहा मिनिटांत आत्याचा फोन, "अरे मंगलाष्टकांना मी डाव्या बाजूला उभी होते, मी कुठंय?" बघितलं तर खरंच, कॅमेरा लॉकच्या झूममध्ये आत्या कापली गेली होती, नुसता हात आणि अक्षता दिसत होत्या. परत रिझॉल्व उघडलं, तेवढ्या चार सेकंदांचं स्टॅबिलायझेशन काढलं, आणि आता आत्या दिसते, थरथरतेय, पण आहे.