टोकावरचा बिंदू गृहीत धरू नका

गुळगुळीत मॅनिफोल्डवरची मोर्स थिअरी (फलनाच्या क्रिटिकल बिंदूंवरून जागेचा आकार ओळखण्याची पद्धत) झालेली असेल, तर सिंग्युलर, म्हणजे टोकं किंवा शिरोबिंदू असलेल्या जागांकडे वळल्यावर सुरुवातीला सगळं ओळखीचं वाटतं. जागेचे स्ट्रॅटा, म्हणजे गुळगुळीत तुकडे पाडायचे, प्रत्येक स्ट्रॅटमवर (तुकड्यावर) फलनाचे क्रिटिकल बिंदू, म्हणजे त्याचं डिफरन्शियल शून्य होतं ते बिंदू शोधायचे, तिथे हेसियन (दुसऱ्या डेरिव्हेटिव्हजचं मॅट्रिक्स) तपासायचं. एकच बिंदू असलेला स्ट्रॅटम तर सोपाच: तो आपोआप क्रिटिकल, आणि हेसियनचा प्रश्नच नाही. हे मी वहीत लिहून ठेवलं आणि पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातले पाच महिने त्यावर घालवले. ते अर्धसत्य होतं.

य² = क्ष³ हा कस्प, म्हणजे अणकुचीदार टोक असलेला वक्र घ्या. आरंभबिंदू हा एक स्ट्रॅटम, उरलेला वक्र दुसरा. फलन म्हणून 'य' घेतलं, तर गुळगुळीत भागावर एकही क्रिटिकल बिंदू नाही, फक्त टोक. मला हे आदर्श मोर्स फलन वाटलं. मग सेमिनारमध्ये कुणीतरी विचारलं, "फलन जरा तिरकं केलं तर?" वक्रावर क्ष = ट² आणि य = ट³ लिहा. 'य'च्या जागी य + ०.०३क्ष घेतलं की मिळतं ट³ + ०.०३ट². आता टोकावर स्थानिक किमान आहे आणि ट = −०.०२ पाशी एक कमाल नव्यानं उभी राहिली आहे. धक्का कितीही लहान द्या, ती येतेच. माझी सगळी मोजणी तिथेच कोसळली.

कारण असं. टोकाकडे सरकताना वक्राच्या स्पर्शरेषा क्ष-अक्षाकडे जातात, आणि 'य'चं डिफरन्शियल नेमकं त्या सीमारेषेवर शून्य होतं. सिंग्युलर जागांसाठी मोर्स थिअरी उभी करणारे गणितज्ञ गोरेस्की आणि मॅकफर्सन यांच्या मोर्स फलनाच्या व्याख्येत हीच जास्तीची अट आहे: मोठ्या स्ट्रॅटमकडून येणाऱ्या स्पर्श-अवकाशांची जी जी सीमा त्या बिंदूवर मिळते, तिच्यावर डिफरन्शियल पूर्ण शून्य होता कामा नये. बिंदू-स्ट्रॅटमसाठी तीच खरी परीक्षा. ओळ एकच आहे. मी ती वाचली होती, आणि तांत्रिक म्हणून सोडून दिली होती. तुम्ही सोडू नका. प्रत्येक उदाहरणात सीमा-स्पर्शावकाश हातानं काढा, कंटाळा आला तरी. 'क्ष' फलन ही अट पाळतं: वक्रावर ते ट² होतं, टोकावर स्वच्छ किमान मिळतं, आणि हलकासा धक्का दिला तरी टोकाजवळ नवा क्रिटिकल बिंदू येत नाही.

व्हिटनीच्या अटींबद्दल (स्ट्रॅटा एकमेकांना नीट जुळावेत म्हणून घातलेल्या अटी) फार लिहीत नाही, त्या सगळेच शिकवतात.

माझं एक ठाम मत आहे. इंटरसेक्शन होमॉलॉजी किंवा पर्व्हर्स शीव्हज या सिंग्युलर जागांच्या जास्त अमूर्त साधनांवर थेट उडी मारू नका. तिथली भाषा सुंदर आहे, पण मला तिनं माझी चूक झाकायलाच मदत केली. आणि जो मार्गदर्शक "हे उघड आहे" म्हणून पुढे सरकतो, त्याला थांबवून फळ्यावर चित्र काढायला सांगा. मी घाबरलो, विचारलं नाही, आणि ते महिने गेले.

घाबरू मात्र नका, कारण पुढची गोष्ट खरोखर आनंदाची आहे. क्ष² + य² = झ² हा दुहेरी शंकू घ्या. 'झ' आणि 'क्ष' ही दोन्ही फलनं शिरोबिंदूवर ती अट पाळतात. 'झ'ची किंमत वाढवत तिथपर्यंतचा शंकूचा भाग पाहत खालून वर येताना शिरोबिंदूपाशी एका वर्तुळावर झाकण बसतं, म्हणजे द्विमितीय पेशी जोडली जाते. 'क्ष'नं येताना हायपरबोलाच्या दोन शाखा एकमेकींना जोडल्या जातात, म्हणजे एकमितीय पेशी. बिंदू तोच, दिशा बदलली की उत्तर बदललं! वास्तव जागांत वाईट दिशांचा, म्हणजे ती अट मोडणाऱ्या दिशांचा संच चांगल्या दिशांना वेगवेगळ्या कप्प्यांत तोडू शकतो. संमिश्र विश्लेषक जागांत त्याच संचाची वास्तव कोमिती (पूर्ण अवकाशापेक्षा किती मिती कमी ते) किमान दोन असते, त्यामुळे त्याला वळसा घालून एका चांगल्या दिशेकडून दुसरीकडे जाता येतं, आणि नॉर्मल मोर्स डेटा (स्ट्रॅटमला आडव्या दिशेत जागेत काय जोडलं जातं याची नोंद) निवडलेल्या फलनावर अवलंबून राहत नाही. मला हे कळलं त्या दिवशी मी शंकूची दोन्ही चित्रं पुन्हा काढली, आणि त्याच रात्री कस्पची मोजणी पहिल्या पानापासून नव्यानं सुरू केली.