बोट आपटायच्या आधी उचलायला शिका

गिटारवरच्या टॅपिंगचा, म्हणजे तारा न छेडता त्यांवर बोटं आपटून वाजवायचा, अकरा महिने घासलेला दीड मिनिटाचा तुकडा मी एकदा रिव्हर्ब (घुमारा देणारा इफेक्ट) आणि कॉम्प्रेसर (मोठे-बारके आवाज सारखे करणारा इफेक्ट) बंद करून रेकॉर्ड केला. ऐकल्यावर पहिला संशय आला तो गिटारवरच. प्रत्येक स्वराच्या मागे बारीक, बेसूर किणकिण. बोट उचललं की न बोलावलेली मोकळी तार मध्येच बोलतेय. दोन ठोक्यांच्या मध्ये जिथे शांतता हवी तिथे नुसता गाळ. मी तारा बदलल्या. अ‍ॅक्शन (तारांची गळ्यापासूनची उंची) मोजली. नटच्या, म्हणजे गळ्याच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा भिंगातून पाहिल्या. गिटार ठणठणीत होती. बिघाड माझ्या बोटांत होता आणि अकरा महिन्यांच्या रियाजाने मी तो चांगला पक्का करून ठेवला होता.

हॅमर-ऑन (बोट आपटून काढलेला स्वर), पुल-ऑफ (बोट ओढत सोडून काढलेला), नॅचरल हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला) तुम्हाला येतात, लय मोजणाऱ्या मेट्रोनोमशी निदान तोंडओळख आहे, आणि अकॉस्टिक गिटारच्या गळ्यावर दोन्ही हात नाचवणारं कुणीतरी पाहून तुमची झोप उडाली आहे, असं मी धरून चालतो. माझीही उडाली होती. त्यामुळे खाली कुठे आवाज चढला तर तो तुमच्यावर नाही, जुन्या माझ्यावर आहे असं समजा.

इतिहास थोडक्यात उरकतो, कारण 'ही तर यूट्यूबची थेरं' असं ऐकवणारे तुम्हाला भेटणारच. व्हित्तोरिओ कामारदेझे हे इटालियन वादक १९६५ साली टीव्हीवर साध्या गिटारवर दोन्ही हातांनी टॅप करताना दिसतात. मायकेल हेजेस यांचा 'एरियल बाउंडरीज' हा अल्बम १९८४ चा. स्टॅन्ली जॉर्डन यांनी पुढच्याच वर्षी इलेक्ट्रिकवर दोन्ही हातांनी पियानोसारखं वाजवून लोकांना थक्क केलं. प्रेस्टन रीड डावा हात गळ्याच्या वरून टाकतात, खालून धरत नाहीत. एरिक मॉनग्रेन गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवतात. काकी किंग (नातं लावू नका, नावच आहे) यांनी २००३ च्या पहिल्याच अल्बमपासून हा बाज स्वतःच्या पद्धतीने वाकवला. आणि २००६ मध्ये अँडी मॅकी यांचा व्हिडिओ इंटरनेटवर पसरला, तेव्हापासून माझ्यासारख्या हजारो जणांनी घरोघरी गिटारी बडवायला घेतल्या.

इथेच माझी गाडी घसरली. माझ्यापर्यंत ही कला व्हिडिओतून आली, म्हणजे डोळ्यांतून आली. बोट कुठे पडतं ते दिसतं. ते कसं उठतं, बाकीची बोटं तेव्हा काय करत असतात, हे दिसत नाही. मी दिसलं तेवढं शिकलो.

आता ती भानगड नीट सांगतो. कंटाळा आला तरी हा भाग सोडू नका.

नेहमीच्या वादनात उजवा हात तार छेडतो आणि डावा ती दाबतो. टॅपिंगमध्ये एकच बोट दोन्ही कामं करतं. तार फ्रेटवर (गळ्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) आपटते आणि त्या धक्क्यानेच वाजते. पण तारेला तुमचा हेतू कळत नाही. बोटाच्या पुढचा, ब्रिजकडचा (बॉडीवर तारा अडकवतात त्या टोकाकडचा) तुकडा वाजतो, तो तुम्हाला हवा असतो. बोटाच्या मागचा, नटकडचा तुकडाही त्याच धक्क्याने थरथरतो. तो ब्रिजला भिडत नाही म्हणून लहान आवाजात वाजतो, पण वाजतो. म्हणजे एका ठोक्याचे दोन स्वर. बोट उचललं की मोकळी तार हा तिसरा. तीनपैकी एकच तुम्ही मागितलेला.

करून पाहा. बाराव्या फ्रेटवर टॅप करा. मागचा तुकडा जवळपास पुढच्याएवढाच, म्हणून स्वरही जवळपास तोच, काही खटकत नाही. सातव्यावर करा. मागचा तुकडा तारेच्या एक तृतीयांश, त्याचा स्वर तुमच्या स्वराच्या बरोबर वरच्या सप्तकात. उलट गोड लागतं. आता नवव्यावर करा आणि कान गळ्याजवळ न्या. मागून येणारा स्वर कुठल्याच पट्टीत बसत नाही, दोन स्वरांच्या मधल्या फटीत अडकलेला असतो. बहुतेक नवशिके सराव कुठे करतात? पाच, सात, बारा. कारण तिथे छान वाजतं! मीही तेच केलं, आणि नवव्या-दहाव्या फ्रेटवरच्या ओळी 'अजून बसल्या नाहीत' म्हणून त्या जास्त जोरात वाजवत राहिलो. जोर वाढवला की मागचा स्वरही वाढतो. हे साधं गणित मला वर्षभर सुचलं नाही.

उपाय कष्टाचा आहे पण गूढ नाही. ज्या बोटाने टॅप करायचं त्याच्या मागे दुसरं बोट तारेवर नुसतं टेकलेलं हवं. डाव्या हाताचं मधलं किंवा तिसरं बोट टॅप करतं, पहिलं बोट मागे आडवं पडून तारा गप्प ठेवतं. पहिल्या बोटाने टॅप केलं तर मागे राखणीला कुणी उरत नाही, म्हणून सुरुवातीला ते टाळाच. उजवा हात टॅप करत असेल तर राखण डाव्या हाताकडे.

उचलण्याचे प्रकार तीन. बोट बाजूला ओढत सोडलं तर पुल-ऑफ होतो आणि मोकळी तार स्पष्ट वाजते. तो स्वर हवा असेल तेव्हाच हे करा. सरळ वर उचललं तर मोकळी तार अर्धवट, मरगळलेली वाजते, तो स्वर कुणालाच नको असतो. तिसरा प्रकार म्हणजे दाब सोडायचा पण बोट तारेवर क्षणभर टेकलेलंच ठेवायचं. तार थांबते, मग बोट निघतं. यातही एक खोडी आहे. पाचव्या, सातव्या, बाराव्या फ्रेटवर एकच बोट असं हलकं टेकलं तर हार्मोनिक तरंगत राहतो. तिथे शेजारचं बोटही टेकवावं लागतं. तबल्यावर खुले बोल आणि बंद बोल वेगळे घोटावे लागतात, तसंच हे. मी फक्त खुले घोटले होते.

मग अकरा महिने हे ऐकू कसं आलं नाही? तीन पडदे होते. रिव्हर्बने सगळ्या कडा पुसल्या. कॉम्प्रेसरने मोठे आवाज दाबले आणि बारके वर आणले. त्यामुळे टॅप भरदार वाटायचा, गाळही तितकाच वर यायचा, पण रिव्हर्बमध्ये तो 'वातावरण' म्हणून खपायचा. तिसरा पडदा सगळ्यात गोड: डॅडगॅड ट्यूनिंग. पहिली, दुसरी आणि सहावी तार एकेक स्वर उतरवली की डी, ए, डी, जी, ए, डी असा संच होतो. त्यात ना मेजर ना मायनर, चुकून वाजलेली कुठलीही मोकळी तार सुरात बसते. चूक झाली की दाद मिळते! ट्यूनिंगला माझा विरोध नाही, मी अजून तेच जास्त वाजवतो. पण त्याच्यावर शिकणं म्हणजे उत्तरं छापलेल्या पानावर गणितं सोडवणं.

म्हणून माझी कसोटी. गिटार नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये आणा आणि ए-फ्लॅट मेजरची साधी चार स्वरांची ओळ टॅप करा. या पट्टीत मोकळ्या तारांपैकी फक्त 'जी' स्वराची तार बसते, बाकी पाचही परक्या. एकही नको ती तार वाजली की दाताखाली खडा आल्यासारखं होतं. साठच्या लयीत एक मात्रा स्वर, एक मात्रा पूर्ण शांतता. मोबाइल हातभर अंतरावर ठेवून रेकॉर्ड करा, इफेक्ट काही नाही. आणि ऐकताना स्वर सोडून द्या, शांततेच्या मात्रा ऐका. पहिल्या दिवशी मला सोळापैकी दोन मात्रा स्वच्छ मिळाल्या. दोन! त्या रात्री गिटार कायमची कपाटात ठेवायचा विचार केला होता. तुम्हालाही तेवढ्याच मिळाल्या तर घाबरू नका, तिसऱ्या आठवड्यात माझ्या नऊ झाल्या होत्या. कान एकदा तिकडे वळला की बोटं आपोआप मागोमाग येतात, फार लवकर येतात.

जोराबद्दल एक गोष्ट. टॅपचा आवाज बोटाच्या वेगातून येतो, वजनातून नाही. फ्रेटच्या तारेला अगदी चिकटून, मागच्या बाजूला बोट पडलं की कमी श्रमात स्वर निघतो. तार फ्रेटला टेकल्यावरही दाबत राहिलात तर आवाज वाढत नाही, फक्त स्वर किंचित चढतो आणि मनगट भरून येतं. दुखलं तर थांबा. 'दुखल्याशिवाय येत नाही' म्हणणाऱ्याला त्याच्या मनगटाची अवस्था विचारा. मी दुखण्यावर वाजवत राहिलो आणि पुढचे सहा आठवडे भांडी घासताना ताटही नीट धरता येत नव्हतं. बोटांच्या टोकांची हुळहुळ वेगळी, ती जाते. मनगटात किंवा कोपराशी उठणारी कळ गांभीर्याने घ्या.

बॉडीवरच्या ठोक्यांवर मी फार बोलत नाही, ते तुलनेने लवकर येतं. तळहाताच्या टाचेने खालच्या भागावर जड ठोका, बोटांनी बाजूच्या फळीवर टणक ठोका. गिटारच्या वरच्या फळीची जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास असते, अंगठी काढून ठेवा. ठोका आवडला म्हणून प्रत्येक मात्रेवर मारू नका. माझ्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये चाल कुठली हे कळेपर्यंत तुकडा संपतो.

आता शॉर्टकट. अतिबारीक तारा लावल्या की टॅप सोपा होतो हे खरं, पण अकॉस्टिकचा भरणा जातो आणि ती पातळ किणकिण झाकायला परत रिव्हर्ब लागतो. टॅब (कुठल्या तारेवर कितवा फ्रेट ते आकड्यांत लिहिलेलं वादन) वापरा, पण त्यात बोट कधी पडलं ते असतं, स्वर कधी संपला ते बहुधा नसतंच. 'तीस दिवसांत टॅपिंग' छापाच्या कोर्सवर मी पैसे घालवलेत. त्यात दिवस पहिला ते तिसावा सगळीकडे बोट आपटतच होतं.

गुरूबद्दल माझं मत लोकांना पटत नाही. टॅपिंग येणारा शिक्षक शोधण्यापेक्षा ज्याला स्वर थांबवता येतो असा शोधा. शास्त्रीय गिटार शिकवणारे माझे पहिले शिक्षक माझा तो तुकडा ऐकून 'सर्कस चांगली आहे' एवढंच म्हणाले होते. मी दुखावून शिकवणी सोडली आणि टॅपिंग शिकवणाऱ्या एकाकडे गेलो. तिथे मला रोज शाबासकी मिळायची, आणि रोज नवी युक्ती. पहिले शिक्षक उद्धट होते, ते मी आजही म्हणेन. पण 'मागची तार वाजतेय' एवढं एक वाक्य त्यांनी तेव्हा सांगितलं असतं तर माझं वर्ष वाचलं असतं. आणि मी थांबून 'सर्कस म्हणजे नेमकं काय?' असं विचारलं असतं तरीही वाचलं असतं.

या सगळ्यातून ऐकणं बदललं, ही कमाई मला वाजवण्यापेक्षा मोठी वाटते. पूर्वी हेजेस ऐकताना मी तोंड उघडं टाकून हात मोजायचो. आता डोळे मिटून ऐकतो. पहिल्या फेरीत फक्त खालचा स्वर धरायचा, तो कुठे सुरू झाला यापेक्षा कुठे तुटला ते पाहायचं. हेजेस स्वराच्या लांबीचा फार काटेकोर हिशेब ठेवत, नको ती तार हाताने मुद्दाम गप्प करत. ती गप्प केलेली जागा एकदा ऐकू आली की तिथे तिसरा हात असल्याचा भास कशामुळे होतो ते उमगतं. दुसऱ्या फेरीत वरची चाल गुणगुणता येते का बघा. येत नसेल तर वाजवणारा कितीही चपळ असो, मी पुढे ढकलतो. कडक आहे, पण मीही याच चाळणीतून गाळला गेलोय. व्हिडिओ पाहायचाच तर सगळ्यात शेवटी पाहा, आणि काम न करणाऱ्या बोटांकडे बघा.

तो दीड मिनिटाचा तुकडा मी पुन्हा पहिल्यापासून बसवला. आता तो पावणेदोन मिनिटांचा झालाय, कारण पूर्वी जिथे भीतीने पळायचो तिथे आता थांबता येतं. गेल्या महिन्यात धीर करून त्याचं कोरडं रेकॉर्डिंग त्या पहिल्या शिक्षकांना पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: 'बरं आहे. चौथ्या ओळीत करंगळी अजून बोलतेय.' ऐकून पाहिलं. नववा फ्रेट होता.