अलेक्झांड्रिया एका दिवसात बघायचं असेल तर

कैरोला गेलेले बरेच जण पिरॅमिड बघून परत फिरतात, म्हणे अलेक्झांड्रियात आता उरलंय काय. भरपूर उरलंय, फक्त कुठे बघायचं ते माहीत पाहिजे. इ.स.पू. 331 मध्ये सिकंदराने वसवलेलं हे शहर, पण जगातल्या सात आश्चर्यांतलं इथलं दीपगृह भूकंपांत पडलं, प्राचीन लायब्ररी गेली, राजवाड्यांचा भाग समुद्राखाली आणि बाकीच्यावर आजच्या बिल्डिंगा. म्हणून जास्तीत जास्त वेळ जमिनीखालच्या गोष्टींना द्या.

कैरोच्या रामसेस स्टेशनवरून सकाळची लवकरची ट्रेन पकडा, अडीच-तीन तास धरून चाला. आधी सिदी गाबेर येतं, तिथे उतरू नका, शेवटच्या मिस्र स्टेशनला उतरा, जुन्या जागा तिथून जवळ पडतात.

टॅक्सी करून आधी थेट कोम अल-शुकाफा. 1900 साली एक गाढव जमिनीत कोसळलं आणि ही भुयारी दफनभूमी सापडली असं सांगतात. गोल जिन्याने खाली उतरायचं, मधल्या विहिरीसारख्या पोकळीतून मृतदेह दोराने सोडायचे, आणि खाली आलेल्या नातेवाईकांना जेवायला दगडात कोरलेली बैठकीची खोली पण आहे! मुख्य कबरीच्या दाराशी मात्र घाई करू नका. दोन्ही बाजूंना नाग, त्यांच्या डोक्यावर इजिप्तचा मुकुट, वर ढालीवर ग्रीकांची मेड्युसा, केसांच्या जागी साप असलेली, आणि आत जाऊन मागे वळलात की अनुबिस, इजिप्तचा मृतांचा देव, तोंड कोल्ह्याचं पण अंगात रोमन शिपायाचं चिलखत. तीन संस्कृती एकाच दारात इतक्या सहज नांदताना मी तरी दुसरीकडे कुठे पाहिल्या नाहीत.

तिथून पॉम्पीचा स्तंभ चालत जाण्याएवढा जवळ आहे. नाव रोमन सेनापती पॉम्पीचं असलं तरी उभारला रोमन सम्राट डायोक्लेशियनसाठी, आस्वानच्या लाल ग्रॅनाइटचा, साधारण 27 मीटर उंच. फोटो काढून लगेच निघू नका, शेजारच्या सेरापिस देवाच्या मंदिराच्या भुयारांत नक्की उतरा.

मग स्टेशनकडे परत येऊन कोम अल-दिक्का या उत्खननाच्या जागी रोमन थिएटर आणि शेजारची प्राचीन लेक्चर हॉलची रांग बघा, पक्ष्यांचं मोझॅक (रंगीत तुकड्यांनी जमिनीवर केलेलं चित्र) चुकवू नका.

कैतबे किल्ला शेवटी ठेवा पण बंद व्हायची वेळ आधी बघून घ्या. 1477 चा हा किल्ला दीपगृहाच्याच जागेवर आहे आणि त्याचेच दगड यात वापरलेत. तिकिटासाठी कार्ड आणि इजिप्शियन पाऊंड दोन्ही जवळ असू द्या, आणि मासे खायला बसलात तर वजनाचा भाव आधी विचारा मगच ऑर्डर द्या.